गाब्रिएल्लाची सायकल

सप्टेंबर 1944. उत्तर इटलीतल्या बास्सानो देल ग्राप्पा गावात जर्मन आणि फॅसिस्टांनी 31 तरुणांना झाडांना फासावर लटकवलं आणि ते बघायला शाळेतल्या मुलामुलींना नेलं. त्यात सतरा वर्षांची तीना आन्सेल्मी होती. पोरांना जरब बसावी हा हेतू, घडलं उलटंच. पोरगी ‘गाब्रिएल्ला’ हे टोपणनाव घेऊन सायकलवरून बंडखोरांचे निरोप पोचवू लागली. 

पुढे शिक्षिका, कापड गिरणी कामगारांची संघटना, 1968 मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षातर्फे संसद. 1976 मध्ये त्या कामगारमंत्री झाल्या. इटलीतल्या पहिल्या महिला मंत्री! प्रजासत्ताक येऊन तोवर तीस वर्षं झाली होती.

‘पहिल्या महिला’ म्हणून हार घालून मोकळं होणं सोपं असतं. आन्सेल्मीबाईंचं काम त्यापलीकडचं. 1977 च्या 903 क्रमांकाच्या कायद्याने नोकरीत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी आली. शिवाय मूल लहान असताना आईऐवजी बापालाही रजा घेता येऊ लागली. आजही कित्येक घरांत हे ऐकून भुवया उंचावतील.

1978 मध्ये त्या आरोग्यमंत्री झाल्या आणि ते वर्ष भयंकर होतं. 9 मे रोजी अपहरण झालेले माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा मृतदेह सापडला; चारच दिवसांनी मनोरुग्णालयं बंद करण्याचा कायदा झाला. त्याच महिन्यात गर्भपाताचा कायदा आला. त्यांच्या पक्षाने विरोधात मतदान केलं होतं, त्या स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. तरी मंत्री म्हणून त्यावर त्यांची सही आहे. संसदेने केलेल्या कायद्याआड स्वतःची श्रद्धा त्यांनी येऊ दिली नाही. डिसेंबरात धंद्यानुसार वाटलेले आजारपणाचे विमा फंड मोडून सर्वांसाठी एकच राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी राहिली.

खरी कसोटी मात्र मंत्रिपद गेल्यावर लागली. मार्च 1981 मध्ये ‘पी-2’ या गुप्त मंडळाचा प्रमुख लिचो जेल्ली याच्याकडे मंडळाची 962 नावांची यादी सापडली: मंत्री, सेनाधिकारी, गुप्तहेर खात्याचे प्रमुख, आणि बांधकाम व्यावसायिक सिल्व्हियो बेर्लुस्कोनी. सरकार कोसळलं. मंडळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या संसदीय समितीचं अध्यक्षपद सभापती निल्दे योत्ती यांनी आन्सेल्मीबाईंकडे सोपवलं. यादीत स्वपक्षीयही होते, पण त्यांनी हात आखडता घेतला नाही. 1984 मध्ये अहवाल आला.

1992 मध्ये त्यांची खासदारकी गेली. दोन वर्षांनी यादीतले बेर्लुस्कोनी पंतप्रधान झाले.