भाग : कांदा, मी आणि माझा भाऊ

(या भागातल्या बोलण्याचं हे शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून काही वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

 

मागच्या भागात आपण पेट्रोलच्या दरावर बोललो होतो आणि त्यावर बरेच निरोप आले. त्यातल्या एका ताईंचा निरोप मात्र मनात राहिला. त्यांनी लिहिलंय, "तुम्ही महागाईवर बोलता ते पटतं. पण कांदा महाग झाला की तुमचा आवाज चढतो आणि कांदा मातीमोल झाला की तुम्ही गप्प असता. असं का?"

आता खरं सांगते, वाचल्यावर पहिल्यांदा रागच आला. मी कांद्याच्या पट्ट्यातली मुलगी. चांदवड तालुक्यातलं माझं माहेर. माझा धाकटा भाऊ आजही तिथे कांदा करतो. मला कोण शिकवणार कांद्याचं? पण मग आठवलं, की या विषयावर मी एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. भावालाही नाही. आज ती सांगायची आहे. आणि हो, तो हा पॉडकास्ट ऐकतो. ट्रॅक्टरवर बसून, कानात इअरफोन घालून. तेव्हा आजचा भाग थोडा त्याच्यासाठीही आहे.

तर गोष्ट २०२३ ची. दिवाळीच्या आसपास पुण्यात आमच्या भाजीवाल्याकडे कांदा ऐंशी रुपये किलो झाला होता. तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी मार्च-एप्रिलच्या अवकाळीनं उन्हाळ कांदा भिजला, त्यामुळे तो चाळीत नीट टिकला नाही. मग ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला, म्हणून पावसाळी लाल कांदा उशिरा आला. जुना संपत आलेला, नवा अजून शेतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली ही फट दरवर्षीचीच, त्या वर्षी ती जरा जास्तच रुंद झाली.

मला हे सगळं कळत होतं बरं का. तरी मी काय केलं? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "ऐंशी रुपये कांदा! सरकार करतंय काय? निर्यात बंद करा की सरळ!" बावीस जणांनी अंगठे दिले. बरं वाटलं. आपण काहीतरी सार्वजनिक काम केल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात भाऊबीज होती. भाऊ आला. ओवाळणी दिली आणि गाडीतून अर्धी गोणी कांदा काढून स्वयंपाकघरात ठेवला. म्हणाला, "ताई, चाळीतला शेवटचा आहे. निवडून आणलाय, निम्मा तर सडला." मी फोन पालथा ठेवला. म्हणजे मुद्दाम असं नाही, पण ठेवला.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहितीय. ७ डिसेंबरला अधिसूचना निघाली आणि ८ तारखेपासून कांद्याची निर्यात बंद. लासलगाव, चांदवड, उमराणे, सगळीकडे शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. आणि आमच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "ताई, तुमचं ऐकलं बरं का सरकारनं!" पुढे हसरे चेहरे.

भावाचा तेव्हा दोन एकर लाल कांदा होता. साधारण एकशे चाळीस क्विंटल. त्यातला वीसेक क्विंटल बंदीच्या आधी गेला होता, क्विंटलला अडतीसशेनं. उरलेला एकशेवीस क्विंटल पुढच्या तीन आठवड्यांत दोन हजारांच्या आसपास गेला. थांबता येत नव्हतं का? नव्हतं. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने ठेवता येतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. काढला की विकायचा, मिळेल त्या भावाला.

आता माझी एक सवय सांगते. मला जमाखर्च लिहायचा नाद आहे. आईकडून आलाय. कोणी टपाल तिकिटं जमवतं, मी वह्या जमवते. लग्नापासूनच्या एकोणीस वह्या आहेत माझ्याकडे. नवरा म्हणतो, मेथीच्या जुडीचा इतिहास लिही आता. तर त्या डिसेंबरात एका रात्री मी वही काढून बसले.

आम्ही घरात चौघं. महिन्याला कांदा सहा किलो. तीस रुपयांनी एकशे ऐंशी होतात, ऐंशी रुपयांनी चारशे ऐंशी. म्हणजे महागाईनं माझं नुकसान महिन्याला तीनशे रुपये. दोन महिने धरले तर सहाशे. त्याच महिन्यात आम्ही एकदा बाहेर जेवायला गेलो होतो, ते बिल चौदाशे साठ. ते मी हसत हसत दिलं होतं.

आणि भावाचा हिशेब? क्विंटलमागे अठराशे रुपये कमी. गुणिले एकशेवीस. दोन लाख सोळा हजार.

मी तो आकडा वहीत लिहिला नाही. पण विसरलेही नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, तुमचं ठीक आहे हो, तुम्ही बाहेर जेवायला जाता. ज्यांना तीनशे रुपये जड आहेत त्यांचं काय? अगदी बरोबर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तेव्हा कांदा पाव किलो घ्यायच्या. पाव किलो, चार दिवस पुरवून. त्यांच्या घरी भाकरीबरोबर कांदा हीच बऱ्याचदा भाजी असते. त्यांच्यासाठी ऐंशी रुपये हा थट्टेचा विषय नाही. त्यामुळे 'कांदा महाग झाला तर खाऊ नका' असं कोणी म्हणालं की मला पटत नाही. ते बोलणं पोट भरलेल्याचं असतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. मावशींना कांदा स्वस्त मिळावा, हे मान्य. पण त्याचे पैसे कोणी भरायचे? माझ्या कराच्या पैशातून, सरकारी तिजोरीतून भरायचे, की चांदवडच्या दोन एकरवाल्यानं भरायचे? निर्यातबंदी केली की तिजोरीला काही खर्च दिसत नाही, अर्थसंकल्पात एक ओळ येत नाही. पण खर्च होतो हो. तो भावाच्या वहीत होतो. आणि त्यातून मावशींबरोबर मलाही स्वस्त कांदा मिळतो, जिला त्याची गरज नव्हती.

गंमत बघा. २०१२ हे आधारवर्ष धरून जो ग्राहक महागाई निर्देशांक काढायचे, त्यात कांद्याचं वजन होतं ०.६४ टक्के. म्हणजे शंभर रुपयांच्या टोपलीत कांदा चौसष्ट पैशांचा. मग चौसष्ट पैशांसाठी एवढं रामायण का? कारण कांदा आपण दर आठवड्याला घेतो, त्याचा भाव तोंडपाठ असतो आणि त्याला पर्याय नाही. शाळेची फी वाढते वर्षातून एकदा, घरभाडं अकरा महिन्यांनी. कांदा रोज भाजीवाल्याच्या पाटीवर दिसतो. १९९८ साली दिल्लीतलं सरकार गेलं त्यात कांद्याचा वाटा मोठा मानतात. तेव्हापासून सगळ्यांनीच धसका घेतलाय. आणि हे एका पक्षाचं नाही बरं. निर्यात डिसेंबर २०१० मध्येही बंद झाली होती, सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्येही. सरकारं बदलली, कांद्याचं औषध तेच.

२०२० चं तर विशेष आहे. त्या वर्षी जूनमध्ये अध्यादेश काढून कांद्याला जीवनावश्यक वस्तूंच्या नेहमीच्या बंधनातून मोकळं केलं. शेतकऱ्याला म्हणाले, आता तू मोकळा. आणि सप्टेंबरमध्ये निर्यातबंदी! तीन महिन्यांत.

भावाला मी एकदा विचारलं होतं, तुला नक्की काय हवंय? मला वाटलं, म्हणेल हमीभाव. तो म्हणाला, "ताई, पाऊस पडेल का नाही ते मला कळत नाही, ते मी धरूनच चालतो. पण दिल्लीतून काय पडेल ते कसं धरू?"

आणि खरंच, तारखा बघा. ऑगस्ट २०२३, निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर, किमान निर्यातमूल्य टनाला आठशे डॉलर. डिसेंबर, बंदी, ३१ मार्चपर्यंत. मार्चमध्ये ती पुढे वाढवली. ४ मे २०२४ ला उठवली, पण साडेपाचशे डॉलर आणि चाळीस टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉलरची अट काढली, शुल्क वीसवर आणलं. १ एप्रिल २०२५ ला शुल्कही गेलं. वीस महिन्यांत सात बदल. आणि कांद्याचं रोप टाकल्यापासून उन्हाळ कांद्याची शेवटची गोणी विकेपर्यंत दहा-अकरा महिने जातात. रोप टाकताना जो नियम होता, तो विकताना नसतो.

शेवटी शुल्क गेलं, तोपर्यंत काय झालं? २०२५ मध्ये कांदा भरपूर आला आणि भाव पडलेलेच राहिले. बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक वाण्याच्या गिऱ्हाइकासारखंच असतं. दोनदा दुकान बंद दिसलं की ते दुसरं दुकान शोधतं, आणि मग आपण फळी उघडून बसलो तरी लगेच परत येत नाही.

बरं, भाव पडतात तेव्हा कोण ओरडतं? फेब्रुवारी २०२३ आठवा. सोलापुरात एका शेतकऱ्यानं पाचशेबारा किलो कांदा विकला आणि गाडीभाडं, हमाली, तोलाई कापून त्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश आला. पेपरात फोटो आला होता. पुढे राज्य सरकारनं लाल कांद्याला क्विंटलमागे साडेतीनशे रुपये अनुदान दिलं. पण आमच्या ग्रुपवर तेव्हा एक शब्द नव्हता. माझाही नव्हता. त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. मी गप्प होते, कारण माझं काही जात नव्हतं.

आणि रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांचा २०२४ चा एक निबंध आहे. तो सांगतो, आपण कांद्याला दिलेल्या रुपयातले साधारण छत्तीस पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेले चौसष्ट वाटेत जातात. वाहतूक, हमाली, घट, सड, व्यापाऱ्यांचा नफा, किरकोळ विक्रेत्याचा नफा. सगळेच काही लुटारू नाहीत त्यात. आमचा भाजीवाला पहाटे तीनला मार्केट यार्डात असतो. पण तीस रुपये किलोला कुरकुरताना मी हे लक्षात ठेवायला हवं, की त्यातले अकरा माझ्या भावाचे, आणि त्यातूनच त्याचं बी, खत, मजुरी जायची.

आता भावाबद्दलही बोलते, नाहीतर तो म्हणेल मीच एकटी गुन्हेगार आणि तो साधुसंत. राजा, ऐकतोयस ना?

त्याच वर्षी, त्याचा कांदा पडलेला असताना, आमच्या घरच्या ग्रुपवर त्यानं एक निरोप पुढे पाठवला होता. "तूरडाळ एकशेऐंशी! सरकार झोपलंय का? बाहेरून मागवा लवकर!" मी तेव्हा काही बोलले नाही. पण अरे, तूर कोण पिकवतं? लातूरचा, हिंगोलीचा, यवतमाळचा तुझ्यासारखाच कोणीतरी. तुरीची आयात २०२१ मध्ये खुली केली. तुझ्या डाळीसाठी ती खुली ठेवतात आणि भाव पडला की तिकडचा शेतकरी कपाळाला हात लावतो. कांद्याच्या गोणीची एक बाजू तू धरलीस, दुसरी मी. तुरीच्या पोत्याला आपण दोघंही एकाच बाजूला उभे आहोत, आणि पलीकडचा आपल्याला दिसत नाही.

म्हणून हल्ली मी एक करते. ग्रुपवर 'सरकारनं असं करावं' लिहायच्या आधी स्वतःला विचारते, याचे पैसे कोण भरणार? नाव-गावासकट. उत्तर सापडलं नाही तर लिहीत नाही. त्यामुळे मी ग्रुपवर बरीच कमी बोलते, आणि घरच्यांचं म्हणणं आहे की तब्येतही सुधारली आहे. (हसते.)

माझं मत विचाराल तर आजही आहे. गरिबाला स्वस्त कांदा द्यायचा तर सरकारनं बाजारात भाव देऊन विकत घ्यावा, साठवावा आणि फटीच्या महिन्यांत त्यांना तोटा सोसून द्यावा. साठा करतातच की, २०२३ मध्ये पाच लाख टनांपर्यंत नेला होता. आणि निर्यातीचे नियम लागवडीच्या आधी सांगावेत, मग ते मध्येच मोडू नयेत. यालाही पैसे लागतील. ते माझ्या करातून जातील. चालेल मला, तीनशे रुपयांपेक्षा जास्त गेले तरी.

तर भाऊ, तो निरोप मी लिहिला होता. तुझ्या कांद्यावर बसलेल्या बंदीला माझ्या एका निरोपानं काही फरक पडला नसेल, हे मलाही कळतं. पण माझ्यासारखे लाखो निरोप मिळूनच तर तो आवाज होतो, ज्याला दिल्ली घाबरते. त्यात माझा एक होता. यंदा भाऊबीजेला आलास की त्यावर भांड हवं तर. गोणी आणू नकोस, मी विकत घेईन.

मंडळी, तुमच्या गावात आज कांदा कितीला आहे आणि बाजार समितीत काय भाव गेला, दोन्ही मला कळवा. दोन्ही आकडे हं, एक नको. पुढच्या भागात वाचून दाखवते.

काळजी घ्या. भेटू.