फलकावरची नावं

(तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि घंटा वाजवायचं काम नेमकं आपल्या जुन्या मॉनिटरकडे आहे, त्यामुळे थेट विषयावर येतो.

देशासाठी प्राण दिलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या नावांचा फलक शाळेच्या जिन्याजवळ लावायचा, असं आपण ठरवलं. पैसेही जमले. गेले दोन महिने आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर चर्चा चालू आहे, ती संगमरवर की ग्रॅनाइट, अक्षरं सोनेरी की काळी, आणि अनावरणाला कोणाला बोलवायचं याची. त्यावर कोणती नावं येणार, हा प्रश्न माझ्या मोजणीप्रमाणे दोनदाच आला. मी छत्तीस वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली. दगडातलं मला काही कळत नाही. पण बंदराला बोट लागली की जवळपासची युद्धस्मारकं बघून यायची सवय मला होती. त्या फिरण्यात जे पाहिलं ते सांगतो.

सुरुवात घराजवळून करू. पुण्याला खडकीत, होळकर पुलाच्या अलीकडे-पलीकडे तुम्ही शंभर वेळा गेला असाल. तिथे एक युद्ध दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेले १,६६८ सैनिक तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे थडग्यांची कायमची निगा राखणं अवघड होतं, तिथून ती इथे आणली. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे, की सगळे दगड एका मापाचे आहेत. अधिकाऱ्याचा मोठा, शिपायाचा लहान, असं नाही. ज्या आयोगाकडे ही व्यवस्था आहे त्याची स्थापना १९१७ सालची, आणि तेव्हापासून नियमच तो आहे. दगडावर नाव, हुद्दा, पलटण, तारीख. बऱ्याच दगडांवर वयही आहे. एकोणीस, वीस, बावीस. हिरवळ कापलेली, फुलझाडं लावलेली. मी गेलो त्या दिवशी माझ्याशिवाय तिथे फक्त माळी होते.

आता आपल्याकडे पाहा. आपण बहुतेक जण दहन करतो. अस्थी नदीत किंवा समुद्रात जातात. म्हणजे आपल्या सैनिकाला बहुधा थडगं नसतंच. मग त्याच्यासाठी उभं राहायचं तर कुठे? उत्तर एकच, त्याचं नाव जिथे कोरलेलं असेल तिथे. फ्रान्समध्ये नव्ह शापेल नावाचं गाव आहे. १९१५च्या मार्चमध्ये तिथे आपली हिंदी फौज लढली. १९२७ साली तिथे भारतीयांसाठी स्मारक झालं. गोल आवार, मध्ये उंच खांब, खांबाच्या डोक्यावर कमळ, आणि भिंतीवर ४,७००हून अधिक नावं. डंकर्कला आमची बोट दुरुस्तीसाठी अडकली होती तेव्हा मी जाऊन आलो. पावसात भिजत नावं वाचत होतो. ज्यांची कोणाचीही ओळख नाही त्यांची नावं वाचताना माणूस का हळू वाचायला लागतो, कुणास ठाऊक.

त्याच्या उलट बसरा. हे जरा सविस्तर सांगतो, कारण हे आपल्या मराठी माणसाच्या अंगाला लागून आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी सहावी डिव्हिजन लढली तिचं नावच पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे, इथली पोरं. कुत-अल-अमारा इथे त्यांना वेढा पडला. डिसेंबर १९१५पासून जवळजवळ पाच महिने. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. पुढे कैदेत किती मेले ते वेगळंच. या मोहिमेत मेलेल्या आणि थडगं नसलेल्यांसाठी बसऱ्याला १९२९ साली स्मारक झालं. ४० हजारांहून अधिक माणसांचं. त्यावर इंग्रज शिपायाचं नाव आहे. भारतीय अधिकाऱ्याचं नाव आहे. आणि साध्या भारतीय शिपायाचा? त्याचा फक्त आकडा. अमुक पलटण, आणि इतर इतके. बस.

खडकीला सगळ्यांना एका मापाचा दगड देणारा आणि बसऱ्याला शिपायाच्या नावाऐवजी आकडा लिहिणारा आयोग एकच. २०२१ साली त्यांनी स्वतःच अहवाल काढून ही विषमता मान्य केली. ज्यांची नावं कुठेच नोंदली नाहीत, किंवा ज्यांचं स्मारकच झालं नाही, अशांचा अंदाज त्यात किमान १ लाख १६ हजार दिला आहे, आणि तो साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो असंही म्हटलं आहे. त्यात बहुतेक आफ्रिका आणि आशियातले. दगड कमी पडला म्हणून हे झालं नाही. नावं गोळा करायचे कष्ट या माणसांसाठी घ्यावेत, असं तेव्हा कोणाला वाटलं नाही.

आता घरचं सांगतो. माझ्या आईचे वडील बोटीवर खलाशी होते. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मुंबईत बिऱ्हाड आपल्या इथेच, चाळीत. १९४२ साली त्यांची मालवाहू बोट बुडाली. कुठे बुडाली, कोणत्या दिवशी, हे आजीला नीट कळलंच नाही. बातमी आली तीच कित्येक आठवड्यांनी. आता तिथी माहीत नसेल तर श्राद्ध कधी करायचं? आपल्या पंचांगाने याचाही विचार केलेला आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने मेलेल्यांची, आणि अमावस्या सर्वपित्री, जिची तिथी ठाऊक नाही त्याची. आजीपुढे प्रश्न पडला की पाण्यात बुडाला तो शस्त्राने मेला की नाही? भटजींनी एक सांगितलं, शेजारच्या काकूंनी दुसरं. आजीने दोन्ही दिवस धरले. दरवर्षी दोनदा चालत वाळकेश्वरला बाणगंगेवर जायची. मी लहानपणी तिच्याबरोबर जायचो ते मुख्यतः येताना मिळणाऱ्या भज्यांसाठी, हेही सांगून टाकतो.

युद्धात बुडालेल्या खलाशांचं स्मारक मुंबईतच आहे, हे मला कळलं ते मी स्वतः बोटीवर लागल्यानंतर. गिरगावातून चालत अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांहून अधिक, आणि दुसऱ्यातले नौदलाचे सुमारे ४०० आणि व्यापारी बोटींवरचे जवळजवळ सहा हजार. समुद्राशिवाय दुसरं थडगं नसलेली माणसं. खलाशी, आगवाले, तांडेल, भंडारी. कोकणातले हिंदू, कोकणी मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती, सिल्हेटचे बंगाली, सगळे एका यादीत.

त्या यादीत मी आजोबांचं नाव शोधलं. तीन सापडले. नाव तेच, साल तेच. आडनाव नाही, तिघांपैकी एकाच्याही पुढे गाव नाही. बोटीवर भरती करताना कोणा कारकुनाने इंग्रजीत जसं कानावर पडलं तसं लिहिलं, आणि वडिलांचं नाव विचारायचं राहिलं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तिघांनाही नमस्कार कर, त्यात काय." तेव्हापासून मी तसंच करतो. पण मित्रांनो, हजेरीपटावर आडनावाची एक ओळ असती तर आईला तिच्या वडिलांचं एक ठिकाण मिळालं असतं.

खुक्री आपल्याला वेगळी सांगायला नको. डिसेंबर १९७१. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, भोंगा झाला की चाळीतले दिवे बंद, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत कोणाच्या गच्चीवरून काय दिसलं याच्या थापा. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुक्री बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोट सोडून गेले नाहीत. त्या सगळ्यांनाही थडगं नाही. दीवला समुद्राकडे तोंड करून काचेच्या पेटीत त्या बोटीची प्रतिकृती ठेवली आहे. सुट्टीला दीवला जाणाऱ्यांनी तिथे दहा मिनिटं तरी थांबावं, ही माझी वैयक्तिक विनंती.

आणि आपल्या चौपाटीवर तुकाराम ओंबळे आहेतच. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी सोडली नाही. पोलिसांत येण्यापूर्वी ते लष्करात सिग्नल्समध्ये होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यांना अशोकचक्र मिळालं, पुतळा झाला, आणि २०२१ साली कोळ्याच्या एका नव्या जातीलासुद्धा त्यांचं नाव दिलं गेलं. फिरायला जाणारे आपल्यातले दहा-बारा जण रोज त्या पुतळ्यावरून जातात. त्यांचं नाव हरवणार नाही. मला काळजी आहे ती दुसऱ्यांची.

आपल्या फलकाच्या मसुद्यात सध्या दोन नावं आहेत. एकापुढे हुद्दा आहे, पण वडिलांचं नाव नाही. दुसरं तर नुसतं आडनाव आहे. आपल्या भूगोलाच्या बाई आज इथे आहेत. चहाच्या वेळी त्यांनी मला आणखी एका मुलाविषयी सांगितलं, तो साठच्या दशकातला, सीमेवर गेलेला. बाईंना त्याचा बाक कितवा हे आठवतं, आडनाव आठवत नाही. म्हणजे किमान तीन. कदाचित पाच असतील, सात असतील. दगडवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी हे शोधायला हवं.

शोधायची जागा आपल्याकडे आहे. शाळेची जनरल रजिस्टरं अजून कपाटात आहेत. त्यात पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख, सगळं असतं. मुख्याध्यापिकाबाईंनी बघायची परवानगी दिली आहे, फक्त रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं नाही. नाव नक्की झालं की घरच्यांना गाठायचं, आणि ते सांगतील तसंच शुद्धलेखन ठेवायचं, आपल्याला ते चुकीचं वाटलं तरी. कोणी सैन्यातला, कोणी नौदलातला, कोणी पोलीस, कोणी बोटीवरचा खलाशी. सगळ्यांची अक्षरं एका मापाची, आणि हुद्द्याप्रमाणे वरखाली न लावता ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने.

येत्या शनिवारी सकाळी साडेदहाला तळमजल्यावरच्या कार्यालयात जमू. सहा जण पुरेत. शाई फिकट झाली आहे, तेव्हा वाचायचा चष्मा आणा, आणि ज्यांना धुळीचा त्रास आहे त्यांनी नाकाला रुमाल.