स्वागताध्यक्षीय भाषण : झुआरीच्या मुखाशी



मांडवी आणि झुआरी जिथे अरबी समुद्राला मिळतात, त्या परिसरात ही परिषद भरत आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय दोना पावला येथे असल्याने बार्नॅकलचा अभ्यास आणि प्रत्यक्ष बार्नॅकल यांच्यात येथे फारसे अंतर उरत नाही.

ओहोटीला धक्क्याच्या खांबांवर उघडी पडणारी पांढुरकी, खरखरीत, चिमुकल्या ज्वालामुखीसारखी बार्नॅकलची कवचे शिंपल्यांची नसून खेकडा-कोळंबीच्या भाऊबंदांची आहेत, हे अळ्यांच्या निरीक्षणावरून १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी दाखवले आणि पुढे डार्विन यांनी याच गटावर आठ वर्षे घालवली (ती वाया गेली असे निदान या सभागृहात कोणी म्हणू नये).

येथे विपुल असलेली अ‍ॅम्फिबॅलानस अ‍ॅम्फिट्राइट ही जाती उभयलिंगी, म्हणजे एकाच देहात नर व मादी या दोहोंची इंद्रिये असलेली आहे. तरीही फलनासाठी तिला सहसा शेजारी लागतो आणि जागचे हलता येत नसल्याने लांबवता येणाऱ्या शिश्नानेच तो गाठावा लागतो. म्हणूनच अळीने कोठे बसावे हा प्रश्न पुढच्या पिढीचाही ठरतो. कवचात उबवलेल्या अंड्यांतून नॉप्लियस ही पोहणारी अळी बाहेर पडते, सहा अवस्थांतून जाताना दुसऱ्या अवस्थेपासून सूक्ष्म शैवाल खाते आणि अखेरीस सायप्रिड होते. सायप्रिड काहीच खात नाही. साठवलेल्या चरबीच्या शिदोरीवर ती दोन स्पर्शिकांनी पृष्ठभाग चाचपत चालते, जिवाणूंचा थर आणि जातभाईंच्या प्रथिनांच्या खुणा पारखते आणि पसंती झाली की डोके खाली करून कायमची चिकटते.

उष्ण कटिबंधातील खाडीत या निवडीला पावसाळा आडवा येतो. जून ते सप्टेंबर या काळात पुराच्या पाण्याने क्षारता घसरते, तेव्हा प्रौढ प्राणी कवचाची झडप मिटून वाट पाहू शकतो. अळीला मात्र झडप नाही. उघडीप पडून ऊन आले, शैवाल वाढले आणि त्या भरवशावर अळ्या बाहेर पडल्या, तर पुढच्याच सरीत त्यांची फसगत होऊ शकते. जहाजाच्या बुडावरचा उपद्रव एवढ्याच नजरेने या प्राण्याकडे पाहणाऱ्या संशोधनात या उघडिपींना मिळालेली जागा तोकडी वाटते.

दुपारच्या ओहोटीसाठी धक्क्यावर भिंगे आणि बादल्या ठेवण्यात आल्या आहेत. पायऱ्या निसरड्या आहेत आणि कवचांच्या कडा अनवाणी पायांना कापतात.