शिंजीर आणि झुडपी जंगल

(साकोली येथील कार्यकर्ता शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत जमीनहक्क, सिंचन आणि रोजगार या विषयांच्या पंक्तीत एका पक्ष्याचे नाव पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. ज्या भागात धानाच्या भावाचा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो, तेथे दहा सेंटिमीटरच्या पाखरावर अर्धा तास खर्च करणे ही चैन आहे, असा आक्षेपही मनात आला असेल. तो आक्षेप मला मान्य नाही. का मान्य नाही, तेवढेच सांगण्यासाठी मी उभा आहे.

पक्षी आपल्या ओळखीचा आहे. साकोलीहून नागझिऱ्याकडे निघा किंवा नवेगाव बांधाच्या वाटेला लागा, कडेच्या पळसावर तो दिसतोच. शिंजीर, कोणी त्याला सूर्यपक्षी म्हणतात. विणीच्या काळात नर सावलीत काळा दिसतो आणि उन्हात आला की निळा-जांभळा झळाळतो. मादी वरून मातकट हिरवी आणि खालून पिवळसर असते. वीण संपली की नराचेही वैभव उतरते. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. वजन म्हणाल तर जेमतेम सात-आठ ग्रॅम.

त्याची बाकदार चोच आणि नळीसारखी जीभ फुलातील मध शोषण्यासाठी घडलेली आहे. पण तो केवळ मधावर जगत नाही. कीटक आणि कोळी तो टिपतो, आणि पिल्लांना तर मुख्यतः हाच आहार भरवतो. मादी कोळ्याची जाळी, सालीचे धागे आणि वाळकी पाने एकत्र गुंफून लोंबते घरटे बांधते. ते वाऱ्याने अडकलेल्या कचऱ्यासारखे दिसते, आणि त्यातच त्याची सुरक्षितता असते.

फाल्गुनात पळस फुलतो. त्या फुलाला गंध नसतो. लाल-केशरी रंग आणि भरपूर मध या दोन गोष्टींवर ते पक्ष्यांना बोलावते. शिंजीर मधासाठी चोच घालतो तेव्हा परागकण त्याच्या अंगाला लागतात आणि तो पुढच्या झाडावर गेला की तेथे पोचतात. साळुंकी, बुलबुल, कोतवालही या फुलांवर येतात. परंतु परागीभवनाच्या कामात शिंजिराचा वाटा मोठा आहे. लांब नळीच्या काही फुलांना तो देठाजवळ भोक पाडून मध चोरतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निसर्गात संत कोणी नसतात. देवघेव मात्र असते.

आता पळस आपल्याला काय देतो ते पाहा. पत्रावळीला पान, दोराला मुळाचा वाख, रंगाला फूल, चुलीला सरपण. याच झाडावर लाखेचा किडा पोसला जातो. ज्याच्याजवळ सातबारा नाही अशा माणसाचे हे उत्पन्न आहे. पळसाच्या पुढच्या पिढीसाठी शिंजीर राबतो आणि त्या पळसावर भूमिहीनाची चूल पेटते. ही साखळी कोणत्याही अंदाजपत्रकात दाखवलेली नसते.

आणि हा पळस उभा कोठे असतो? बहुतेक वेळा त्या जमिनीवर, जिला आपण 'झुडपी जंगल' म्हणतो. मालगुजारी १९५१ साली संपली. गावाच्या चराईच्या आणि सरपणाच्या सामाईक जमिनी तत्कालीन मध्य प्रदेशाच्या दप्तरात अशा नावांनी नोंदल्या गेल्या, आणि १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा ते दप्तरही सोबत आले. त्यानंतर १९८० चा वनसंवर्धन कायदा झाला आणि प्रश्न उभा राहिला, की हे जंगल आहे की नाही? पूर्व विदर्भात या वादातील सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीवर कोठे गुरे चरत होती, कोठे शाळा, कोठे स्मशानभूमी, तर कोठे गरिबांची घरे होती. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की झुडपी जंगल हे वनच मानले जाईल. मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत अधिकृतपणे दिलेल्या जमिनी केंद्राच्या मान्यतेने नियमित करता येतील.

या निकालाने काहींचा जीव भांड्यात पडला आणि काहींना धसका बसला. आपण कार्यकर्त्यांनी या दोन्ही भावनांच्या पलीकडे पाहिले पाहिजे. इतकी वर्षे 'झुडपी' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ 'कोणाच्याच कामाची नसलेली जमीन' असा होता. कामाची कोणाच्या, हा प्रश्न कोणी विचारला नाही. कुठेही जा, पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. तसेच कुठेही जा, ज्या जमिनीवर दुबळ्याचा निर्वाह चालतो तिला सरकारदरबारी 'पडीक' हेच नाव मिळते.

समुद्रकाठची गोष्ट याहून वेगळी नाही. कोकणच्या आणि मुंबईच्या खाड्यांतील कांदळवन याच न्यायाने 'दलदल' ठरले होते. भराव टाकायचा तर तेथे! शिंजिराचे भाऊबंद त्याही वनांत राहतात. आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवर तर ताम्रकंठी शिंजिराची एक जात मुख्यतः कांदळवनांतच वावरते, आणि तेथील काही कांदळांच्या मोठ्या लाल फुलांचे परागीभवन अशा पक्ष्यांच्याच स्पर्शाने होते. २६ जुलै २००५ च्या महापुराने मुंबईला या 'दलदली'ची किंमत कळली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबवली, आणि २०१२ साली वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. किनाऱ्याला महापुराने शिकवले. आपणही तशाच एखाद्या आपत्तीची वाट पाहणार आहोत काय?

म्हणून माझे म्हणणे दुहेरी आहे. झुडपी जंगलाला वनाचा दर्जा मिळाला, याचे स्वागत केले पाहिजे. पण वन म्हणजे कुंपण आणि गरीब म्हणजे अतिक्रमण, असा त्याचा अर्थ लावू देता कामा नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्काचा आणि वनाच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने २००९ साली तो मिळवून दाखवला. आपल्या गावांनी तो मागितला काय? आणि मिळालेल्या जमिनीवर 'सुधारणा' म्हणून झुडपे काढून एकाच जातीची रोपे लावू लागलो, तर शिंजीरही जाईल आणि पत्रावळीचे पानही जाईल.

नवेगावच्या रानात वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी पाखरांची मराठी नावे गोळा करण्यात आयुष्य वेचले. २०२५ साली ते गेले. ज्याला नाव नाही त्याच्या बाजूने बोलणे अवघड जाते, हे त्यांच्या कामातून मी शिकलो. आपल्याला एवढेच करायचे आहे. गावी परतल्यावर तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावातील झुडपी जंगलाचे गट क्रमांक लिहून घ्या. मग त्या जमिनीवर स्वतः फिरा. तेथे कोणती झाडे उभी आहेत, कोणाची गुरे चरतात, कोण पाने तोडते आणि कोणते पक्षी येतात, याची यादी करा, आणि ती यादी ग्रामसभेत वाचा. ती वाचली गेल्यावर त्या जमिनीला 'पडीक' म्हणणे कोणालाही सोपे जाणार नाही.