हातकामाची खोली आणि दिवा

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या महिन्यांत आमच्याच इमारतींत राहणारा एक तरुण शेजारी संध्याकाळचा माझ्याकडे आला. घरांतील मागच्या लहान खोलींत त्यानें सुतारकामासाठीं टेबल मांडलें होतें, हत्यारेंही बरीचशीं जमविलीं होतीं. आतां दिवा तेवढा घ्यावयाचा राहिला होता. खुर्चीवर टेकतांच त्यानें विचारलें, "सर, किती वॅटचा दिवा घेऊं?" पस्तीस वर्षें मुलांना चित्रकला आणि हातकाम शिकविलेल्या माणसाला प्रश्न ऐकतांच उत्तर देण्याची खोड असते. पण या वेळीं मीं त्यालाच उलट विचारलें, "टेबल कोठें ठेविलें आहेस, आणि दिव्याची जागा कोठें आहे?" टेबल भिंतीला लावून आणि दिवा छताच्या मधोमध, असें तो म्हणाला. "मग वॅटांचें मागाहून पाहूं," मी म्हणालों, "आधीं माझें हें बोट पाहा."

माझ्या डाव्या तर्जनीवर, नखाच्या खालच्या पेरावर, एक आडवा पांढरा वण आहे. तो पटाशीचा आहे. सेवानिवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षीं मुलीच्या नव्या घरासाठीं सागवानी देव्हारा करावयास मीं घेतला होता. पटाशीला धार उत्तम होती, हात सरावलेला होता, डोक्यावर नवी कोरी ट्यूब जळत होती. आणि तरीही चौकटीचा सांधा कोरतांना पटाशी खुणेच्या पलीकडे घसरली. चार टांके पडले. मीं दोष प्रथम लांकडांतल्या गांठीला दिला, मग हत्याराच्या मुठीला, आणि अखेरीस वयाला. खरें कारण आमच्या कुटुंबाच्या ध्यानांत आलें. बोटाची पट्टी सुटल्यावर मी पुन्हां कामाला बसलों होतों, तेव्हां चहाचा पेला घेऊन ती दारांत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही स्वतःच्याच सावलींत काम करतां. मला येथून तुमची पाठ लख्ख दिसते, टेबलावरचें कांहीं दिसत नाहीं."

घर बांधणारा प्रत्येक खोलीच्या मध्यावर दिव्यासाठीं एक जागा काढून ठेवतो. बसण्याउठण्याच्या खोलीला ती सोय पुरते. परंतु हातकामाचें टेबल बहुधा भिंतीशीं असतें. काम करणारा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, आणि त्यामुळें दिवा त्याच्या पाठीमागें जातो. मग डोकें व खांदे यांची सावली, जेथें धार आणि बोट यांच्यांत दोन सुतांचें अंतर असतें, नेमकी तेथेंच पडते. अशा वेळीं अधिक मोठा दिवा लावल्यानें काम भागत नाहीं. भोंवतालच्या लखलखाटाला डोळे सरावतात आणि सावलींतला भाग उलट अधिकच काळा वाटूं लागतो.

ही गोष्ट आपल्या जुन्या कारागिरांना कोणी शिकविली नव्हती, पण ती त्यांना ठाऊक होती. सोनार दुकानाच्या दाराशीं बसे, शिंपी ओसरीच्या कडेला यंत्र मांडी. युरोपांत तर दिव्याचा उजेड नेमका कामावर पडावा म्हणून चांभार आणि लेस विणणाऱ्या स्त्रिया पाण्यानें भरलेला कांचेचा गोल दिव्यापुढें ठेवीत. आम्ही शाळामास्तरही कांहीं अगदींच अजाण नव्हतों. वर्गांतील खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला याव्यात अशा बेतानें बांकें मांडण्याची पद्धत आहे, ती लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली अक्षरावर पडूं नये म्हणून. (डावखुऱ्या मुलांवर आम्हीं या बाबतींत अन्याय केला, हें आतां कबूल करतों.) पस्तीस वर्षें त्या खिडक्यांकडे पाहत आलों, आणि घरच्या टेबलाशीं मात्र त्यांची आठवण झाली नाहीं.

म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं एक प्रयोग करून पाहावा. रात्रीं, खिडकी बंद करून, असलेला दिवा लावावा आणि टेबलाशीं नेहमींप्रमाणें उभें राहावें. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीचें टोंक टेकवावें आणि सावली कोणीकडे पडते तें पाहावें. नंतर घरांतील कोणाला तरी लांब तारेचा एखादा दिवा हातांत धरून हळूहळू पुढें, मागें, डावीकडे न्यावयास सांगावें. कांहीं क्षणांतच अशी जागा सांपडते कीं, जेथून टोंकाची सावली हाताच्या पलीकडे निघून जाते आणि डोक्याची सावली टेबलावर येतच नाहीं. ही जागा बहुतेक टेबलाच्या पुढल्या कडेच्या बरोबर वर, आपल्या कपाळाच्या किंचित् पुढें आणि उजव्या हातानें काम करणाराच्या थोडी डावीकडे असते. तेथें भिंतीवर पेन्सिलीनें फुली करावी. दिवा मागाहून येईल.

त्या ठिकाणीं गोल बल्बापेक्षां चार फुटी पट्टीचा दिवा टेबलाला समांतर लावणें मला अधिक पसंत आहे. बल्ब एका बिंदूंतून प्रकाश टाकतो, म्हणून त्याची सावली कातरल्यासारखी तीक्ष्ण पडते. लांब पट्टीचा कांहीं भाग हातानें झांकला, तरी उरलेल्या भागांतून प्रकाश येतच राहतो आणि सावली पातळ होते. अशीच दुसरी पट्टी खोलीच्या मागल्या भागांत लावली म्हणजे फळीवरचें हत्यार शोधतांना अडखळावें लागत नाहीं.

आतां वॅटांकडे वळूं. वॅट हा आंकडा दिवा वीज किती खातो एवढेंच सांगतो. प्रकाश मोजावयाचा तो ल्यूमेनमध्यें. जुना तंतूचा साठ वॅटचा दिवा सातआठशें ल्यूमेन प्रकाश देत असे. तितकाच प्रकाश आजचा एल.ई.डी. दिवा आठनऊ वॅटांत देतो. खोक्यावर ल्यूमेनचा आंकडा छापलेला असतो, तो वाचावा. एक ल्यूमेन प्रकाश एक चौरस मीटरवर सारखा पसरला म्हणजे त्याला एक लक्स म्हणतात. साध्या सुतारकामाला सुमारें 300 लक्स, यंत्रावरच्या कामाला 500 आणि नाजूक नक्षी किंवा पॉलिश यांना 750 वा अधिक, असें सर्वसाधारण मान धरतात.

माझी खोली दहा फूट लांब व आठ फूट रुंद, म्हणजे साडेसात चौरस मीटरांस थोडी कमी आहे. 300 लक्ससाठीं तीस सव्वादोन हजार ल्यूमेन लागतात. पण दिव्यांतून निघालेला सगळा प्रकाश टेबलावर येत नाहीं. निम्मा तरी भिंती, छत आणि धूळ यांच्या पोटांत जातो. तेव्हां हिशेब दुप्पट करून साडेचार हजार धरावा. वीस वॅटच्या चांगल्या पट्टीमागें दोन हजारांवर ल्यूमेन मिळतात. दोन पट्ट्यांत काम होतें, आणि त्यांतली एक टेबलाच्या डोक्यावरच असल्यामुळें कामाच्या जागीं सरासरीपेक्षां अधिकच उजेड राहतो.

मात्र हें मान तरुण डोळ्यांचें नव्हे काय, असें माझ्या वयाचे श्रोते विचारतील, तर त्यांची शंका रास्त आहे. वयाबरोबर डोळ्यांतलें भिंग पिवळसर होत जातें आणि बाहुली पूर्वींइतकी विस्फारत नाहीं. विशीच्या मानानें साठीच्या डोळ्यांत प्रकाशाचा जेमतेम तिसरा हिस्सा आंतल्या पडद्यावर पोंचतो. आपण चष्म्याचा नंबर बदलतों आणि दिवा तोच ठेवतों!

भिंतींच्या पोटांत जाणाऱ्या प्रकाशाबद्दल मला थोडें अधिक सांगावयाचें आहे, कारण तो फुकट मिळण्याजोगा आहे. धुळीचे डाग दिसूं नयेत म्हणून मीं खोलीच्या भिंती गडद तपकिरी रंगविल्या होत्या. अशी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा दहावा भागही परत देत नाहीं. चुन्याची पांढरी भिंत पाऊण हिस्सा परत देते. एका रविवारीं मीं भिंतींना आणि छताला पांढरा हात दिला आणि त्याच ट्यूबच्या उजेडांत खोली ओळखूं येईना. दिव्यावरचा लांकडाचा भुसा पंधरवड्यानें पुसणें हेंही त्याच जातीचें काम आहे. दिवा बंद करून कोरड्या फडक्यानें.

नाजूक कामाला याखेरीज वांकविता येणाऱ्या दांड्याचा एक लहान दिवा जवळ असावा. असा दिवा एक मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला, तर कामावरचा उजेड दुप्पट न होतां चौपट होतो. त्याला टोपण हवें, नाहीं तर तो कामाऐवजीं डोळ्यांवरच उजेड पाडतो आणि पोलादी पट्टीवरच्या रेघा चकाकींत बुडून जातात. याच दिव्याचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. रंधा मारून झाला कीं वरचे दिवे मालवावे आणि हा दिवा फळीच्या जवळजवळ पातळींत, बाजूनें आडवा धरावा. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या फळीवर रंध्याच्या वाटा आणि कांचकागदाचे ओरखडे नांगरलेल्या शेतासारखे उठून दिसतात.

देव्हाऱ्याची माझी कहाणी अजून संपलेली नाहीं. बोट बरें झाल्यावर मीं त्याला रंग दिला तो रात्रीं. दिवा स्वस्तांतला, निळसर पांढऱ्या उजेडाचा होता. त्यांत सागवान राखी दिसूं लागलें, म्हणून मी लाल छटेचा हात चढवीत गेलों. सकाळीं खिडकी उघडून पाहतों तों देव्हारा विटेसारखा लाल झालेला! सगळा खरवडून काढावा लागला. याचें कारण एल.ई.डी. दिव्याच्या घडणींत आहे. ज्या निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्या निळ्या प्रकाशावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप देऊन पांढरा उजेड तयार करतात. साध्या प्रतीच्या दिव्यांत त्यामुळें तांबड्याचा अंश तोकडा पडतो; आणि सागवान, शिसव यांचें सारें सौंदर्य तर तांबड्यांतच असतें. खोक्यावर सी.आर.आय. म्हणून जो आंकडा असतो, तो सूर्यप्रकाशासारखे रंग दाखविण्याची दिव्याची पात्रता सांगतो. शंभर म्हणजे पूर्ण. सामान्य दिव्यांत तो 80 च्या आसपास असतो, रंगकामासाठीं 90 च्या वरचा घ्यावा. केल्विनचा आंकडा 6500 असला तर उजेड निळसर, 2700 असला तर पिवळा. हातकामाला 4000 च्या सुमाराचा मधला बरा. तरीही शेवटचा हात देण्यापूर्वीं लांकूड दिवसाच्या उजेडांत एकदां पाहावें.

माझ्या शेजाऱ्याच्या मनांत लेथ घ्यावयाचें आहे, म्हणून एक गोष्ट मीं त्याला दोनदां सांगितली. पूर्वीं एकदां मुलांना घेऊन मी एक लहान कारखाना दाखवावयास गेलों होतों. चार जबड्यांची पकड बसविलेला लेथ मिनिटाला दीड हजार फेऱ्यांनीं फिरत होता, आणि वर जाड लोखंडी चोकची जुनी ट्यूब होती. माझा एक विद्यार्थी पुढें झाला आणि "सर, हें बंद आहे ना?" असें म्हणत त्यानें बोट पुढें केलें. कारागिरानें त्याचें मनगट धरलें म्हणून निभावलें. मुलगा वेंधळा नव्हता. त्याला पकड खरोखरच स्थिर दिसत होती. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनें करतो, आणि अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळां मंदावून पुन्हां उजळते. लेथ सेकंदाला पंचवीस फेरे घेत होता, म्हणजे दर शंभराव्या हिश्शाला पकड बरोबर पाव फेरा पुढें जाऊन एका जबड्याच्या जागीं दुसरा येत होता. डोळ्यांना चारी जबडे जागच्या जागीं उभे! इतर यंत्रांच्या गोंगाटांत आवाजानेंही सावध केलें नाहीं.

एल.ई.डी. दिवा या दोषापासून मुक्त असेलच असें नाहीं. तें त्याच्या आंतील वीज नियमित करणाऱ्या भागावर अवलंबून आहे, आणि स्वस्त दिव्यांत काटकसर तेथेंच होते. परीक्षा सोपी आहे. काळोख्या खोलींत तो एकच दिवा लावून त्याखालीं पांढरी काडी पंख्यासारखी जलद हलवावी. काडीचा सलग धूसर पट्टा दिसला तर दिवा चांगला. अनेक काड्या सुट्या सुट्या दिसल्या तर तो यंत्राच्या खोलींत लावूं नये. दुकानदार हंसला तरी हरकत नाहीं.

आतां तारांविषयीं थोडेंसें. दिवे आणि यंत्रें एकाच स्विचफळीच्या एकाच बटणावर चालवूं नयेत. यंत्र अडकून त्याचें संरक्षक बटण पडलें कीं दिवाही जातो. आणि वीज गेली तरी गोल करवतीचें पातें लगेच थांबत नाहीं. तें कांहीं सेकंद अंधारांत फिरत राहतें, आणि आपला हात त्याच्या जवळच असतो. दिव्यांना वेगळी तार आणि वेगळें बटण ठेवावें. शिवाय वीज जातांच आपोआप लागणारा बॅटरीचा एक लहान दिवा भिंतीवर टांगावा. तारेचें काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावें; मी स्वतः हातकामाचा शिक्षक असूनही तें करून घेतलें.

माझा शेजारी त्या संध्याकाळीं दिवा न घेतां कागद आणि पेन्सिल घेऊन घरीं गेला. दुसऱ्या रविवारीं त्यानें मला खोली दाखवावयास नेलें. टेबल खिडकीच्या बाजूस सरकलें होतें, भिंतीवर पेन्सिलीची फुली होती, भिंतींना पांढऱ्याचा पहिला हात बसला होता. मीं समाधान व्यक्त केलें आणि निघालों. जिन्यापर्यंत पोंचवावयास आलेल्या त्यानें अखेर विचारलेंच, "पण सर, पट्ट्या किती वॅटच्या घेऊं?"

"वीस वीसच्या, दोन," मीं सांगितलें.