यहुदी बांधवांच्या वारशाचें दर्शन
(महोत्सवानिमित्त फुलचूर येथें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या वर्षीं तीर्थयात्रेस जाण्याचा प्रघात सर्वांस ठाऊक आहे. परंतु आम्ही फुलचूरच्या मंडळीसह मुंबई व अलिबाग येथील यहुदी लोकांचीं प्रार्थनामंदिरें पाहावयास निघालों, तेव्हां कित्येकांनीं विचारिलें, "फादर, यांत आपलें काय?" या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

महाराष्ट्रांतील यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, हे परके नव्हेत. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचें गलबत फुटलें व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, अशी त्यांची परंपरा आहे. तेथें त्याचें स्मारक उभें आहे. पुढें ते कुलाब्याच्या गांवोगांवीं पसरले व तेलाचे घाणे चालवूं लागले. शनिवारीं शब्बाथ पाळून ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. आडनांवें दिवेकर, पेणकर, रोहेकर, भाषा मराठी. हिब्रू ग्रंथांचें ज्ञान लोपत गेलें, तरी शब्बाथ, सुंता व 'शेमा' ही प्रार्थना त्यांनीं सोडिली नाहीं. केवळ आईबापांच्या शिकवणीवर त्यांची श्रद्धा तगली!

मुंबईस सॅम्युएल स्ट्रीटवरील 'दयेचें द्वार' हें मंदिर सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं स्थापिलें. टिपू सुलतानाच्या कैदेंतून सुटल्याबद्दल त्यांनीं तें बांधिलें, असें परंपरा सांगते. भायखळ्याचें मागेन डेव्हिड मंदिर बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनीं बांधविलें. तें १८६४ सालचें. तेथील राणीच्या बागेंतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालीं खुलें झालें. त्यांतील प्रिन्स अल्बर्टचा पुतळा ही ससून यांचीच देणगी. अलिबागच्या इस्राएल आळींतील मागेन अबोथ मंदिराची स्थापना १८४८ ची.

या मंदिरांत मस्तक झांकून जावें लागतें. आंत मूर्ति नाहीं. यरुशलेमच्या, म्हणजे आपल्या पश्चिमेच्या, दिशेस कपाटांत तोराची हस्तलिखित गुंडाळी असते व तिच्यापुढें अखंड दीप. पवित्र साक्रामेंतापुढील दीप ज्यांनीं लहानपणापासून पाहिला, त्यांस अधिक सांगणें नको. नवसफेडीच्या वा मंगल प्रसंगीं हे लोक पोहे, नारळ व साखर यांचा मलिदा करून एलीया संदेष्ट्याचें स्मरण करितात. १८८० च्या सुमारास त्यांनीं जुन्या करारांतील कथांवर मराठी कीर्तनेंही आरंभिलीं. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तपुराणाचा पहिला भाग याच कथांचा आहे, हें येथें ध्यानांत घ्यावें.

आतां एक कटु गोष्ट. शतकानुशतकें ख्रिस्ती लोकांनीं यहुद्यांस 'ख्रिस्तघातकी' म्हणून हिणविलें, आणि त्या शब्दाच्या आश्रयानें युरोपांत त्यांचा अनन्वित छळ झाला. उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेंतील त्यांजविषयींचें अपमानास्पद विशेषण पोप तेविसावे योहान यांनीं १९५९ सालीं काढून टाकिलें. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें शिकविलें कीं, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादतां येत नाहीं. १३ एप्रिल १९८६ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल रोममधील यहुदी मंदिरांत गेले व त्यांनीं त्यांस थोरले बंधु मानिलें. आपला प्रभु, त्याची पवित्र माता व बाराही प्रेषित यहुदीच होते. मग "यांत आपलें काय?" हा प्रश्नच उरत नाहीं.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुतेक बेने इस्राएल तिकडे गेले. मागें थोडीं घराणीं राहिलीं, तींच आज हीं मंदिरें राखितात. २०१६ सालीं महाराष्ट्र शासनानें यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. आपलेही तरुण नोकरीकरितां नागपूर-पुण्यास जात आहेत. तेव्हां आपला वारसा कोण राखील, याचा विचार आपणांसही केला पाहिजे.

म्हणून आमचीं दोन मागणीं आहेत. पवित्र सप्ताहांतील नाटकांत वा धर्मशिक्षणाच्या वर्गांत 'यहुदी' हा शब्द कोणीं शिवीसारखा वापरूं नये. दुसरें, प्रत्येक घरानें जुनीं छायाचित्रें, लग्नपत्रिका व आजीआजोबांच्या आठवणी लिहून धर्मग्रामाच्या दप्तरांत आणून द्याव्या. शनवार तेल्यांनीं ग्रंथांवांचून जें राखिलें, तें आपण लेखणी हातीं असतां गमावूं नये.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.