मतकरींची भुतं आणि आपली

(दारव्हा इथे महिला मंडळांच्या वाचन-बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आज मी भीतीच्या गोष्टी लिहिणाऱ्या माणसावर बोलणार म्हटल्यावर दोघी-तिघींनी नाकं मुरडली. एकीनं तर तोंडावर विचारलं, "ताई, अंगात येणं, करणी हे सगळं खोटं म्हणून आपण गावोगाव सांगत फिरतो, आन् तुम्हीच भुतं घेऊन आल्या?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्यासाठीच तर हा विषय घेतला.

माझ्या शाळेच्या दिवसांत वाचनालयात दोन लेखकांची पुस्तकं कधी जागेवर सापडायची नाहीत. एक नारायण धारप, दुसरे रत्नाकर मतकरी. दोन्ही मी चोरून वाचली, कारण मुलींनी असलं वाचू नये असं घरी मत होतं. धारपांच्या गोष्टींत संकट बहुधा बाहेरून येतं आणि कित्येकदा 'समर्थ' नावाचा जाणता पुरुष येऊन सोडवतो. पुस्तक मिटलं की झोप लागायची. मतकरींचं तसं नव्हतं. तिथे समर्थ येत नसत. संकट घरातलं, आपल्याच माणसाच्या मनातलं, आणि सकाळी उठून त्याच माणसाला चहा करून द्यायचा. ही भीती मला ओळखीची वाटली. का, ते तेव्हा कळलं नाही.

थोडं त्यांच्याविषयी सांगते. जन्म १७ नोव्हेंबर १९३८ चा. १९५५ साली, वय सतराही नाही, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवर झाली. अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झाले आणि बँक ऑफ इंडियात नोकरीला लागले. वीस वर्षं बँकेत काम आणि उरलेल्या वेळात लेखन, नाटक. १९७८ साली नोकरी सोडून पूर्ण वेळ लेखक झाले. (घरातली बाई असं म्हणाली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न बाजूला ठेवते.) 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'फाशी बखळ' हे त्यांच्या गूढकथांचे संग्रह. पुढे 'गहिरे पाणी' मालिकेतून त्यांच्या गूढकथा घराघरात गेल्या. मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहिणारे तेच. झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन वर्षानुवर्षं नाटकं बसवणारे आणि नर्मदा बचाव आंदोलनाच्या बाजूनं उभे राहणारेही तेच. मे २०२० मध्ये कोरोनानं गेले.

गूढकथांमधली त्यांची माणसं बरीचशी शहरातली, नोकरदार. आपलं वावर, आपली पऱ्हाटी तिथे फारशी भेटत नाही, ही माझी तक्रार आहेच. काही कथांत भूत हे भूतच असतं, त्याचा उलगडा ते करत नाहीत. म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलनाचं पुस्तक म्हणून त्या वाचायला जाल तर फसाल. पण ज्या वर्षी नोकरी सोडली त्याच सुमाराला त्यांनी 'लोककथा ७८' लिहिलं. खेड्यातल्या दलितांवरच्या अत्याचाराचं नाटक. त्यात भूत नाही. गाव आहे, आणि गप्प बसणारी माणसं आहेत.

आता आपल्या इकडचं सांगते. काही वर्षांपूर्वी एका गावात एका विधवा बाईवर आळ आला. दिराचं लेकरू सारखं आजारी, हिनंच करणी केली म्हणे. बायका तिला विहिरीवर येऊ देईनात. आम्ही तिघी तिथे तीन दिवस बसलो. पहिल्या दिवशी सगळे लिंबाबद्दल, बाहुलीबद्दल बोलत होते. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं हळूच सांगितलं, नवरा गेल्यावर सातबारावर तिचं नाव चढायचं होतं. एवढंच! लिंबू, बाहुली, सगळं त्या दोन एकरांसाठी. परत येताना एसटीत मला मतकरींची आठवण झाली. त्यांनी ही गोष्ट लिहिली असती तर विहिरीवरच्या बाईची नसती लिहिली, दिराची लिहिली असती.

हे लक्षात ठेवा, की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं, अमुक बाई करणी करते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा कुठे तो वटहुकूम निघाला.

मतकरींचं मला सर्वांत भीतिदायक वाटलेलं काम म्हणजे 'इन्व्हेस्टमेंट' हा सिनेमा. स्वतःच्याच कथेवरून त्यांनी तो लिहिला आणि सत्तरी उलटल्यावर दिग्दर्शितही केला. २०१२ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. गोष्ट साधी आहे. चांगलं कमावणारं जोडपं, बारा वर्षांचा एकुलता एक मुलगा. त्याला वर्गातली एक मुलगी आवडते आणि त्या मुलीचा खून होतो. मग आईबाप मुलाला सोडवायला निघतात. मुलगा म्हणजे त्यांची गुंतवणूक, ती बुडू कशी द्यायची? आईचं काम मतकरींच्या मुलीनं, सुप्रिया विनोद यांनी केलंय, आजीचं सुलभा देशपांडे यांनी. त्या आईत मला आपल्याच आसपासच्या किती जणी दिसल्या! वाईट नाहीत त्या. "आमचा पोरगा असा नाही" असं म्हणणाऱ्या. पोरीची छेड काढल्याची तक्रार घेऊन आपण ज्यांच्या दारात जातो, त्याच.

नकार दिलेल्या मुली मारल्या जातात, तेव्हा आपण मोर्चा काढतो आणि मोर्चात मारणाऱ्याचं नाव घेतो. त्याला 'नाही' ऐकायची सवय कुणी लावली नाही, हे विचारायला आपण त्याच्या घरात जात नाही. मतकरी गेले. भीतीच्या गोष्टी लिहिणाऱ्यालाच हे जमलं, कारण कुठल्या खोलीत दिवा लावायचा ते त्याला ठाऊक होतं.

पुढच्या बैठकीत आपण हा सिनेमा पाहणार आहोत. पडदा मंडळाचा आहे, मशीन एका शिक्षकांनी द्यायचं कबूल केलंय. येताना आपापल्या पोरांना आणा, आठवीच्या पुढच्या. आणि सिनेमा संपल्यावर माझा पहिला प्रश्न एवढाच राहील, की मेलेल्या मुलीचं नाव काय होतं?